अलाउद्दीन खाँ

हा लेख मैहरचे सरोदवादक अलाउद्दीन खाँ यांच्याविषयी आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँ यांच्याशी गल्लत करू नये.

उस्ताद अलाउद्दीन खाँ (जन्म : इ.स. १८६२ किंवा १८८१, शिबपूर, ब्राह्मणबाडिया, मृत्यू : ६ सप्टेंबर १९७२, मैहर) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील सरोदवादक, बहुवाद्यवादक, रचनाकार आणि गुरू होते. वाद्यसंगीतातील मैहर घराण्याचे ते प्रवर्तक मानले जातात. शिष्यवर्गात आणि मैहर गावात ते 'बाबा' या नावाने ओळखले जात. सरोदवादक अली अकबर खाँ, सूरबहारवादक अन्नपूर्णा देवी, सतारवादक रविशंकर व निखिल बॅनर्जी आणि बासरीवादक पन्नालाल घोष हे त्यांचे प्रमुख शिष्य होत.

एकल वादनातील या शिष्यपरंपरेमुळे अलाउद्दीन खाँ यांचे नाव जगभर पोहोचले. त्यांच्या कार्याचा दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे 'मैहर बँड' या नावाने प्रसिद्ध असलेला वाद्यवृंद. इ.स. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलामुलींना एकत्र करून त्यांनी तो उभारला. भारतीय रागसंगीत सामूहिकरीत्या वाजवणाऱ्या आद्य वाद्यवृंदांत त्याची गणना होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतरही तो अस्तित्वात आहे.

बालपण

अलाउद्दीन खाँ यांचा जन्म आजच्या बांगलादेशातील ब्राह्मणबाडियाजवळील शिबपूर या खेड्यात झाला. त्यांच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही चरित्रकार ते १८६२ मानतात, तर काही १८८१. त्यामुळे मृत्यूसमयी त्यांचे वय नव्वदीच्या आसपास होते की शंभरीच्या पुढे, याबद्दलही दोन मते आढळतात.

त्यांचे वडील सबदर हुसेन खाँ हे सतार वाजवत. थोरले बंधू आफताबुद्दीन हेही वादक होते आणि अलाउद्दीन यांना संगीताचे पहिले धडे त्यांच्याकडूनच मिळाले. धाकटे बंधू आयेत अली खाँ पुढे सूरबहारवादक आणि वाद्यनिर्माते म्हणून नावाजले. घरात संगीत असले तरी अलाउद्दीन यांनी शाळेत जावे, अशी कुटुंबाची अपेक्षा होती. शाळेत त्यांचे मन रमले नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते घरातून पळून गेले आणि गावोगाव फिरणाऱ्या एका जात्रा मंडळीत सामील झाले. जात्रा हा बंगालमधील लोकनाट्याचा प्रकार आहे. तेथे त्यांना बंगालच्या लोकसंगीताचा जवळून परिचय झाला.

कोलकात्यातील शिक्षण

जात्रा मंडळीतून अलाउद्दीन कोलकात्याला आले. हाताशी पैसा नव्हता आणि शहरात ओळखीचे कोणी नव्हते. एका वैद्याच्या मध्यस्थीने त्यांना 'नुलो गोपाल' या नावाने प्रसिद्ध असलेल्या गायकाकडे प्रवेश मिळाला. बारा वर्षे केवळ स्वरसाधना करायची, अशी गुरूंची अट होती. अलाउद्दीन यांनी ती मान्य केली. मात्र सातव्या वर्षानंतर प्लेगच्या साथीत गुरूंचे निधन झाले. त्या धक्क्याने अलाउद्दीन यांनी गायन सोडून वाद्यांकडे वळण्याचा निश्चय केला.

त्यानंतर ते अमृतलाल दत्त ऊर्फ हाबू दत्त यांचे शिष्य झाले. स्वामी विवेकानंदांचे नातलग असलेले हाबू दत्त हे कोलकात्याच्या स्टार थिएटरचे संगीत सांभाळत. त्या काळी बंगाली रंगभूमीवर देशी व विलायती वाद्यांचा एकत्र मेळ वाजवला जाई. अनेक वादकांनी एका वेळी, ठरवून बांधलेली रचना वाजवण्याचा पहिला अनुभव अलाउद्दीन यांना येथेच मिळाला. याच काळात त्यांनी मूळचे गोव्याचे असलेले बँडमास्तर लोबो यांच्याकडून पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिनवादन शिकून घेतले. याखेरीज सनई, पखवाज, तबला अशा अनेक वाद्यांचे शिक्षण त्यांनी निरनिराळ्या गुरूंकडून घेतले.

एकच वाद्य आणि एकच गुरू ही त्या काळातील घराणेदार वादकाची सर्वसाधारण वाट होती. अलाउद्दीन यांची वाट त्याहून निराळी ठरली. कोलकात्यातील या वर्षांत त्यांना तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये आणि तालवाद्ये या तिन्ही प्रकारांत गती प्राप्त झाली. पुढे मैहरमध्ये वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळी वाद्ये स्वतः शिकवणे त्यांना शक्य झाले, ते या शिक्षणामुळेच.

मुक्तागाछा आणि रामपूर

मुक्तागाछाचे जमीनदार जगतकिशोर आचार्य यांच्याकडील एका मैफलीत अलाउद्दीन यांनी अहमद अली खाँ यांचे सरोदवादन ऐकले. आपण शिकलेले सर्व काही त्यापुढे अपुरे आहे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी अहमद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. गुरूंची घरकामे करीत त्यांनी सुमारे पाच वर्षे सरोदची तालीम घेतली.

त्यानंतर ते रामपूरला गेले. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांच्या दरबारात तानसेनाच्या वंशातील बीनकार वजीर खाँ होते. सेनिया परंपरेचे ते त्या काळातील सर्वांत मोठे वारस समजले जात. परंपरेतील विद्या वंशाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा तेव्हा घराण्यांचा सर्वमान्य रिवाज होता. वजीर खाँ यांची भेट मिळणेही अवघड होते. निराश झालेल्या अलाउद्दीन यांनी नवाबाच्या गाडीपुढे स्वतःला झोकून दिले आणि त्यानंतर नवाबाच्या शब्दामुळे त्यांना गंडाबंधनाचा मान मिळाला, अशी आख्यायिका सांगितली जाते.

गंडाबंधन झाले तरी प्रत्यक्ष विद्या लगेच मिळाली नाही. दोन वर्षांहून अधिक काळ वजीर खाँ यांनी त्यांना काहीही शिकवले नाही, असे चरित्रकार सांगतात. या काळात अलाउद्दीन रामपूरमधील इतर कलावंतांकडून मिळेल ते शिकत राहिले. गावाकडे त्यांच्या पत्नी मदनमंजरी यांनी हताश होऊन जीव देण्याचा प्रयत्न केल्याची बातमी आली, तेव्हा वजीर खाँ यांचे मन पालटले आणि खरी तालीम सुरू झाली. तेव्हाही बीन हे वाद्य गुरुवंशासाठी राखीवच राहिले. बीन, रबाब आणि सूरशृंगार या वाद्यांवरील आलाप-जोडाची अंगे अलाउद्दीन यांनी सरोदवर उतरवली.

रामपूर दरबारातील याच विद्येचा लाभ महाराष्ट्रातील संगीतशास्त्रज्ञ विष्णू नारायण भातखंडे यांनीही घेतला होता. तेथून मिळवलेल्या अनेक बंदिशी त्यांनी आपल्या ग्रंथांतून प्रसिद्ध केल्या. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते आणि १९२६ मध्ये भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौचे मॅरिस कॉलेज सुरू झाले. घराण्यांच्या भिंतींआड राहिलेली विद्या सर्वांसाठी खुली करण्याच्या या प्रयत्नांचा आणि अलाउद्दीन खाँ यांच्या मैहरमधील कार्याचा काळ जवळपास एकच आहे. पलुसकर व भातखंडे यांचे माध्यम विद्यालय, पाठ्यक्रम आणि ग्रंथ हे होते. अलाउद्दीन खाँ यांचे माध्यम वाद्यवृंद हे होते.

मैहर दरबार

बाघेलखंडातील मैहर हे एक लहान संस्थान होते. डोंगरावरील शारदा देवीच्या मंदिरामुळे ते तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. संस्थानाचे महाराजा ब्रिजनाथ सिंह यांना संगीताची आवड होती. अलाउद्दीन खाँ १९१८ च्या सुमारास त्यांच्या दरबारात रुजू झाले. महाराजांनी त्यांचे शिष्यत्वही स्वीकारले.

अलाउद्दीन खाँ हे पाच वेळा नमाज पढणारे श्रद्धाळू मुसलमान होते आणि त्याचबरोबर शारदा देवीचे निस्सीम भक्तही होते. कन्येचे मूळ नाव रोशनआरा असले, तरी महाराजांनी दिलेले 'अन्नपूर्णा' हेच नाव पुढे रूढ झाले. मैहरमधील निवासस्थानाला त्यांनी 'मदिना भवन' असे नाव दिले. उर्वरित आयुष्याची पाच दशके त्यांनी मैहरमध्येच घालवली.

मैहर वाद्यवृंद

स्थापना

१९१८-१९ मध्ये इन्फ्लुएंझाची जागतिक साथ भारतात पसरली. या साथीत देशात एक कोटीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मैहर आणि परिसरातील अनेक कुटुंबे उद्ध्वस्त झाली आणि पुष्कळ मुले निराधार झाली. या मुलांना अन्न व निवारा देऊन संगीत शिकवावे, ही कल्पना अलाउद्दीन खाँ यांनी महाराजांच्या आश्रयाने प्रत्यक्षात आणली. त्यातून मैहर बँड उभा राहिला.

ही मुले कोणत्याही संगीत घराण्यातील नव्हती. त्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. जन्माने संगीतकार नसलेल्यांना वाद्यविद्या देणे ही त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती. स्वतः अलाउद्दीन यांना गुरूच्या दारात वर्षानुवर्षे ताटकळावे लागले होते. मैहरमध्ये त्यांनी निराधार मुलांकडून कोणताही मोबदला न घेता, जात वा धर्म न पाहता शिक्षण दिले. मुलींनाही त्यांनी या वृंदात घेतले.

वाद्ये

या वाद्यवृंदात सतार, सरोद, इसराज, तबला ही देशी वाद्ये आणि व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम, पियानो ही विलायती वाद्ये एकत्र वाजवली जात. त्यांच्या जोडीला अलाउद्दीन खाँ यांनी काही नवी वाद्ये घडवली. त्यांपैकी 'नळतरंग' हे सर्वांत प्रसिद्ध आहे. संस्थानातील जुन्या बंदुकांच्या नळ्या कमीअधिक लांबीच्या कापून त्या स्वरात मिळवल्या आणि चौकटीवर ओळीने मांडून त्यांवर आघात करून वाजवण्याची व्यवस्था केली. जलतरंगात पाण्याच्या पातळीने स्वर बदलतो, तर नळतरंगात तो नळीच्या लांबीवर ठरतो. सतार आणि बँजो यांचा मेळ असलेले 'सतार-बँजो' आणि गजाने वाजवले जाणारे 'चंद्रसारंग' ही त्यांची आणखी काही वाद्ये होत.

वाद्यनिर्मितीच्या कामात बंधू आयेत अली खाँ यांची त्यांना साथ होती. सरोदची तबली, तारांची मांडणी आणि चिकारीच्या तारा यांत या दोघांनी केलेल्या सुधारणा मैहर परंपरेच्या सरोदमध्ये आजही दिसतात.

रचना आणि शिकवण्याची पद्धत

रागसंगीत हे मुख्यतः एकट्या कलावंताचे, उत्स्फूर्त विस्ताराचे संगीत आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा पाया असलेली स्वरसंवादाची, म्हणजेच एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवण्याची पद्धत त्यात नाही. त्यामुळे अनेक वाद्ये एकत्र आली, तर राग शुद्ध कसा राखायचा आणि तरीही वादन एकसुरी कसे होऊ द्यायचे नाही, हा मूलभूत प्रश्न होता. अलाउद्दीन खाँ यांनी त्यासाठी निरनिराळ्या रागांत बांधीव गती रचल्या. त्यांत तोडे आणि लयीचे बदल आधीच निश्चित केलेले असत. काही रचना त्यांनी पाश्चात्त्य धुनींच्या धर्तीवरही बांधल्या.

मुलांना वाचता येत नसल्याने सर्व शिक्षण मौखिक होते. अलाउद्दीन खाँ सरगम गाऊन दाखवत, मुले ती गळ्यावर चढवत आणि मग वाद्यावर उतरवत. अलंकार व पलटे घोटल्यानंतर गत शिकवली जाई. संपूर्ण रचना पाठ असल्याशिवाय मूल वृंदात बसत नसे. समोर स्वरलिपीचे कागद न ठेवता वाजवण्याची ही पद्धत मैहर वाद्यवृंदात पुढेही चालू राहिली.

मुलांवरील परिणाम

या वाद्यवृंदामुळे निराधार मुलांच्या आयुष्याला निश्चित दिशा मिळाली. त्यांच्यातील अनेकांनी पुढे वादन हाच व्यवसाय केला आणि आयुष्यभर याच वृंदात काम केले. त्यांनी आपल्या मुलांना व नव्या विद्यार्थ्यांना त्याच रचना शिकवल्या. त्यामुळे मैहरमध्ये संगीतकारांचा एक नवा वर्ग निर्माण झाला.

समूहात वाजवताना प्रत्येक मुलाला स्वतःचा स्वर इतरांच्या स्वरात मिळवावा लागे, लय सांभाळावी लागे आणि आपल्या वाजवण्याच्या व थांबण्याच्या जागा लक्षात ठेवाव्या लागत. प्रगत विद्यार्थ्याला जी समज एकल तालमीत पुष्कळ वर्षांनी येते, तिचा पाया येथे कोवळ्या वयातच घातला जाई. दुसरीकडे, वृंदातील मुलांपैकी कोणी रविशंकर किंवा अली अकबर खाँ यांच्यासारखा एकल वादक म्हणून जगप्रसिद्ध झाला नाही. या वृंदाचे महत्त्व प्रसिद्ध कलावंत घडवण्यापेक्षा सामान्य परिस्थितीतील मुलांना संगीताच्या आधारे उभे करण्यात आहे.

निराधार मुलांच्या वाद्यवृंदाची अशी उदाहरणे इतरत्रही आढळतात. अठराव्या शतकात व्हेनिस येथील ओस्पेदाले देला पिएता या अनाथाश्रमातील मुलींच्या वाद्यवृंदासाठी अंतोनियो विवाल्दी यांनी रचना केल्या. व्हेनेझुएलामध्ये होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये गरीब वस्त्यांतील मुलांसाठी 'एल सिस्तेमा' ही युवा वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. मैहरचा प्रयोग एल सिस्तेमाच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधीचा आहे.

शिष्य

मैहरमधील घरी चालणारी गुरुकुल पद्धतीची तालीम वाद्यवृंदापेक्षा वेगळी होती. येथे शिष्याला गुरूच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहावे लागे आणि दिवसाचा बराच वेळ रियाजात जाई.

पहिल्या शिष्यांपैकी तिमिर बरन हे १९२० च्या दशकात मैहरला आले. सरोदबरोबरच वाद्यवृंदाची कल्पना घेऊन ते कोलकात्याला परतले. १९३० च्या सुमारास त्यांनी नर्तक उदय शंकर यांच्या पथकाचे संगीत सांभाळले आणि पुढे न्यू थिएटर्सच्या 'देवदास' (१९३५) या हिंदी चित्रपटाला संगीत दिले. भारतीय वाद्यवृंदाच्या आद्य रचनाकारांत त्यांची गणना होते.

पुत्र अली अकबर खाँ (१९२२–२००९) यांना लहानपणापासून अत्यंत कठोर तालीम मिळाली. कन्येच्या शिक्षणाची हकीकत वेगळी आहे. थोरली मुलगी जहानआरा हिला संगीत शिकवले होते. मात्र सासरी तिच्या संगीताला विरोध झाला आणि तिचा तानपुरा जाळण्यात आला. या दुःखामुळे अलाउद्दीन खाँ यांनी धाकट्या अन्नपूर्णा यांना संगीत न शिकवण्याचे ठरवले होते. एकदा भावाचा चुकलेला धडा ती अचूक गाऊन दाखवत असल्याचे त्यांच्या कानी पडले, तेव्हा त्यांनी निर्णय बदलला. अन्नपूर्णा देवी (१९२७–२०१८) पुढे सूरबहारच्या श्रेष्ठ वादक झाल्या. सार्वजनिक मैफलींपासून दूर राहून त्यांनी मुंबईत अनेक वर्षे विद्यादान केले. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर हे त्यांच्या शिष्यांपैकी होत.

रविशंकर (१९२०–२०१२) हे १९३८ मध्ये मैहरला आले. १९४१ मध्ये त्यांचा अन्नपूर्णा देवींशी विवाह झाला. पन्नालाल घोष आणि निखिल बॅनर्जी (१९३१–१९८६) हे १९४७ च्या सुमारास शिष्य झाले. पुतणे बहादूर खाँ, सरोदवादक शरन राणी व वसंत राय हेही त्यांच्या शिष्यवर्गात येतात. मराठी व्हायोलिनवादक विष्णू गोविंद जोग यांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले होते.

सरोद, सतार, सूरबहार, बासरी आणि व्हायोलिन अशा वेगवेगळ्या वाद्यांचे कलावंत एकाच गुरूने घडवणे ही हिंदुस्तानी संगीतातील दुर्मीळ गोष्ट आहे.

युरोप दौरा

१९३५ मध्ये अलाउद्दीन खाँ उदय शंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेले. पथकात किशोरवयीन रविशंकर हे नर्तक व वादक म्हणून काम करत होते. अलाउद्दीन खाँ यांनी या दौऱ्यात त्यांना शिकवण्यास सुरुवात केली. मात्र संगीतच करायचे असेल, तर इतर सर्व सोडून मैहरला यावे लागेल, हेही स्पष्ट केले. अनेक गोष्टी एकाच वेळी करण्याच्या वृत्तीबद्दल ते रविशंकर यांची कडक शब्दांत कानउघाडणी करत. नंतरच्या काळात अलाउद्दीन खाँ यांनी उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील संस्कृती केंद्रातही काही काळ अध्यापन केले.

स्वभाव आणि शिस्त

एरवी विनम्र व साधे राहणारे अलाउद्दीन खाँ शिकवताना अतिशय तापट होत. चुकणाऱ्या विद्यार्थ्यांना ते मारत आणि त्यातून स्वतःचा मुलगाही सुटत नसे. अली अकबर खाँ तरुणपणी एकदा या जाचाला कंटाळून घरातून पळून गेले होते. रविशंकर यांच्यावर मात्र त्यांनी कधी हात उगारला नाही, असे सांगितले जाते.

या कठोरपणाचे मूल्यमापन वेगवेगळ्या पद्धतींनी केले जाते. स्वतः सोसलेल्या हालअपेष्टांमुळे विद्येचा अनादर त्यांना सहन होत नसे, असे त्यांचे शिष्य मानत. मुलांना मारहाण करून शिकवण्याची ही रीत आज स्वीकारार्ह मानली जात नाही. त्यांच्या बहुतेक शिष्यांनी पुढे अध्यापन करताना रियाजाची शिस्त कायम ठेवली.

स्वातंत्र्योत्तर काळ

भारत स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये मैहर संस्थान विंध्य प्रदेशात विलीन झाले. दरबाराचा आश्रय संपल्याने देशभरातील अनेक दरबारी कलावंतांची उपजीविका धोक्यात आली होती. मैहर वाद्यवृंदापुढेही तोच प्रश्न उभा राहिला. १९५५ मध्ये अलाउद्दीन खाँ यांनी मैहर येथे संगीत महाविद्यालय स्थापन केले. पुढे ते मध्य प्रदेश शासनाच्या अखत्यारीत आले आणि वाद्यवृंदातील कलावंतांना शासकीय सेवेत सामावून घेण्यात आले. महाराजांच्या मर्जीवर चालणारा वृंद अशा रीतीने सार्वजनिक संस्थेचा भाग झाला.

१९५९-६० मध्ये आकाशवाणीने त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले. शांतिनिकेतन येथील विश्वभारतीमध्ये ते काही काळ अभ्यागत अध्यापक होते. तेथील वास्तव्यात त्यांनी सांगितलेल्या आठवणी 'आमार कथा' या बंगाली पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक यांनी १९६३ मध्ये त्यांच्यावर माहितीपट तयार केला.

राग आणि रचना

अलाउद्दीन खाँ यांनी अनेक नव्या रागांची रचना केली. हेमंत, हेम-बिहाग, मांझ-खमाज, शोभावती, दुर्गेश्वरी, भुवनेश्वरी, प्रभाकली आणि मदनमंजरी हे त्यांपैकी काही होत. मदनमंजरी या रागाला त्यांनी पत्नीचे नाव दिले. हेमंत व मांझ-खमाज हे राग मैहर परंपरेबाहेरील कलावंतही वाजवतात.

वाद्यवृंदाचा वारसा

मैहर बँडचा प्रभाव तीन दिशांनी पुढे गेला. पहिली दिशा आकाशवाणीची. १९४९ ते १९५६ या काळात रविशंकर दिल्ली आकाशवाणीत संगीत दिग्दर्शक होते. तेथे त्यांनी 'वाद्यवृंद' या राष्ट्रीय वाद्यवृंदाची बांधणी केली आणि त्यासाठी रचना केल्या. १९५६ मध्ये या वृंदाचे संचालन पन्नालाल घोष यांच्याकडे आले. अशा प्रकारे देशाच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे नेतृत्व एका पाठोपाठ एक अलाउद्दीन खाँ यांच्या दोन शिष्यांनी केले.

दुसरी दिशा परदेशातील शिक्षणाची. अली अकबर खाँ यांनी १९५६ मध्ये कोलकाता येथे आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे अली अकबर कॉलेज ऑफ म्युझिकची स्थापना केली. तेथील विद्यार्थ्यांच्या वृंदाला 'न्यू मैहर बँड' असे नाव देण्यात आले. संगीत घराण्यात न जन्मलेल्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून गती शिकवण्याची मूळ मैहरची पद्धत अशा रीतीने दुसऱ्या खंडात पोहोचली.

तिसरी दिशा खुद्द मैहरची. तेथील वाद्यवृंद अलाउद्दीन खाँ यांच्याच रचना त्यांनी घडवलेल्या वाद्यांसह आजही सादर करतो. मूळ मुलांपैकी आता कोणीही हयात नाही. नव्या वादकांची भरती, नळतरंगासारख्या वाद्यांची देखभाल आणि केवळ स्मरणात जतन केलेल्या रचना पुढील पिढीकडे सोपवणे या गोष्टींवर वृंदाचे भवितव्य अवलंबून आहे. लेखी स्वरूप नसलेली रचना ती जाणणारा शेवटचा वादक गेल्यावर लोप पावते. त्यामुळे ध्वनिमुद्रण व स्वरलेखन यांना येथे विशेष महत्त्व आहे.

सन्मान

अलाउद्दीन खाँ यांना १९५२ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९५४ मध्ये अकादमीची रत्नसदस्यता मिळाली. भारत सरकारने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले.

निधन आणि स्मृती

६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथे त्यांचे निधन झाले. मदिना भवनाच्या आवारात त्यांची कबर आहे. मध्य प्रदेश शासनाने भोपाळ येथे त्यांच्या नावाने संगीत व कला अकादमी स्थापन केली असून मैहर येथे त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संगीत समारोह भरवला जातो.

बांगलादेशातील ब्राह्मणबाडिया येथे 'सूरसम्राट अलाउद्दीन संगीतांगन' ही संस्था मुलांना संगीताचे शिक्षण देते. जानेवारी २०१६ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२१ मधील हिंसाचारात या संस्थेवर हल्ले होऊन आग लावण्यात आली. त्यात त्यांच्या स्मृतिचिन्हांची मोठी हानी झाली.